छाटणीच्या काड्या आणि काडेपेटी

होळी जवळ आली की आमच्या शिवगंगेच्या खोऱ्यात संध्याकाळी धूर दिसायला लागतो. साताऱ्याच्या हायवेवरून जाणाऱ्यांना वाटत असेल, गावात स्वयंपाकाची वेळ झाली. पण चुलीचा धूर असा नसतो. चुलीचा धूर निळसर, कौलांमधून झिरपणारा. हा एकदम बांधावरून उठतो, पिवळट पांढरा, आणि वारा पडला असेल तर तासभर पिकांवर नुसता बसून राहतो. फळबागांची छाटणी झालेली असते आणि पसारा पेटवलेला असतो.

आमच्याकडे हा प्रश्न दरवर्षी माघ-फाल्गुनात दारात येतो. पुतण्या येतो, ओट्यावर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, "काकू, पेटवू का?"

सहा-सात वर्षं झाली, मी नाही म्हणते. त्याआधी वीस-बावीस वर्षं मी काही म्हणतच नव्हते, कारण ठरवणारे हे होते. आणि हे गेल्यावर काही वर्षं मी "पेटव" म्हणत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी जन्मापासूनची शहाणी आहे असा गैरसमज नको.

शिवऱ्यातली आमची बाग एक एकराची. दीडशे सीताफळं, बांधाच्या कडेनं अकरा आंबे, विहिरीपाशी दोन चिकू. 1990 साली सरकारनं रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली, तेव्हा भोर तालुक्यात कितीतरी माळरानं हिरवी झाली. त्यातलीच ही. सीताफळ निवडलं याचं कारण अगदी साधं. शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. राखण नको, कुंपण नको.

पहिली कितीतरी वर्षं छाटणीच्या काड्यांचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. छाटणी सुरू झाली की वाडीवरच्या बायका यायच्या आणि मोळ्या बांधून न्यायच्या. बोटाएवढी काडीसुद्धा मागे राहायची नाही. ती सगळी चुलीत जायची. म्हणजे बागेतलं लाकूड तेव्हाही जळतच होतं, फक्त त्यावर भाकरी भाजून निघत होती. मग गावात गॅस आला. 2016 साली उज्ज्वला योजना आली तेव्हा उरलेल्या घरांतही सिलिंडर दिसायला लागले. चांगलंच झालं, धुरानं डोळे गेलेल्या म्हाताऱ्या मी पाहिलेल्या आहेत. पण त्याबरोबर एक गोष्ट घडली ती कुणाच्या लक्षात आली नाही. काल जे सरपण होतं ते आज कचरा झालं. आणि कचऱ्याला आपल्याकडे एकच औषध. काडेपेटी.

बरं, जाळणं हे आमच्या मुलखाला नवीन नाही. माझं माहेर वेल्ह्याच्या बाजूचं, भाताचं. तिथे रोपं टाकायच्या जागेवर राब भाजल्याशिवाय भात होत नाही अशी श्रद्धाच होती. खाली शेण, त्यावर ऐन-किंजळीचे टहाळ, वर गवत आणि पालापाचोळा, आणि शेवटी मातीचा पातळ थर. मातीचा थर कशाला? तर जाळ एकदम भडकू नये, धुमसत राहावा. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. वडील भाजणीच्या दिवशी आम्हा मुलांना जवळ फिरकू देत नसत. पावसाळ्यात त्या काळ्या तुकड्यावर रोपं अशी तरारून यायची की बघत राहावं.

यात अडाणीपणा होता असं म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनी 1912 साली या राब पद्धतीवर एक अख्खा अभ्यास छापला होता. एवढ्या विद्वान माणसांना ती गोष्ट तपासून बघण्याजोगी वाटली. तापलेल्या मातीत अन्न मोकळं होतं, तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतो. हे सगळं खरं आहे. पण ते गुंठाभर जागेसाठी, महिनाभराच्या रोपांसाठी. शिवाय त्या गुंठाभर जागेसाठी डोंगरावरची किती झाडं भुंडी व्हायची हेही मी पाहिलेलं आहे. आता नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी 2011 पासून भाताची जी सगुणा पद्धत दाखवली, तिच्यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून रोपही नाही आणि राबही नाही. आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. माझे वडील असते तर त्यांनी हे ऐकूनच घेतलं नसतं!

सांगायचं एवढंच, की आमच्या हाताला जाळायची सवय राबानं लावली. आणि ती सवय आम्ही विचार न करता भाताच्या खाचरातून उचलून फळबागेत आणून ठेवली. खाचरात चार महिन्यांचं पीक. बागेत तीस-चाळीस वर्षं उभं राहणारं झाड. दोघांचा हिशेब एक कसा असेल?

आता 2018 ची गोष्ट. पुतण्यानं विचारलं, "पेटवू का?" मी स्वयंपाकघरातूनच म्हटलं, "पेटव की." ढीग दक्षिणेच्या बांधाजवळ होता. दुपारचे चार वाजले असतील. त्या दिवशी वारा डोंगराकडून खाली फिरला. आधी बांधावरचं वाळलं गवत पेटलं, मग शेजाऱ्यांची वैरणीची गंजी. माणसं धावली, हिरवे डहाळे घेऊन आग झोडपली, विहिरीवरची मोटर सुरू करायला गेलो तर लाईट नव्हती. गंजी गेली. तिचे पैसे आम्ही भरून दिले, शेजारी समजूतदार, त्यांनी शब्द काढला नाही. पण बांधावरच्या दोन आंब्यांची साल एका अंगानं भाजली. त्यातला एक आंबा यांनी स्वतःच्या हातानं कोयीवर कलम करून वाढवला होता. दोन वर्षं तो अर्ध्या अंगानं पालवत राहिला, अर्धांगवायू झालेल्या माणसासारखा. मग वाळला.

पुतण्याला मी काही बोलले नाही. काय बोलणार? "पेटव" मीच म्हटलं होतं. आणि खरं लागलं ते वेगळंच. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. माझे विषय मराठी आणि इतिहास, पण शिक्षक कमी म्हणून विज्ञानाचे तासही घेतलेत. पालापाचोळा जाळू नका, त्याचं खत करा, हे वाक्य फळ्यावर मी किती वेळा लिहिलं असेल! आणि शाळा सुटल्यावर घरी येऊन आमच्याच बागेतला धूर बघत चहा पीत होते. वाक्य परीक्षेसाठी होतं.

मग 2019 साली मी दुसऱ्या टोकाला गेले. नवशिक्या भक्ताचं असतं तसं. ठरवलं, यंदा एक काडीही जाळायची नाही. मजूर लावून सगळ्या काड्यांचे कोयत्यानं तुकडे करून घेतले, प्रत्येक आळ्याभोवती चर खणला, त्यात तुकडे भरले आणि वरून माती लोटली. मोठा खर्च झाला. मी मात्र खूश. ऑगस्टमध्ये बघते तर झाडं पिवळी! आधी खालची जुनी पानं, मग वरची. फळंही बारकी राहिली. पुतण्या म्हणाला, "काकू, जाळलं असतं तर निदान झाडं उपाशी तरी मेली नसती."

त्याचा 'उपाशी' हा शब्द अगदी बरोबर होता, हे मला नंतर वाचल्यावर कळलं.

त्याचं असं आहे. काडी कुजवण्याचं काम करतात मातीतले जिवाणू आणि बुरशा. त्यांचंही पोट आपल्यासारखंच. नुसती भाकरी खाऊन होत नाही, बरोबर कोरड्यास लागतं. कर्ब म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे कोरड्यास असं धरा. पंचवीस-तीस घास भाकरीला एक घास कोरड्यास मिळालं तर त्यांचं काम सुरळीत चालतं. हिरव्या पाल्यात साधारण हेच प्रमाण असतं, म्हणून पाला बघता बघता कुजतो. लाकडात मात्र शेकडो घास भाकरी आणि कोरड्यास बोटभर. मग ही मंडळी काय करतात? शेजारणीकडे वाटी घेऊन जातात. म्हणजे आजूबाजूच्या मातीतलं नत्र ओढून घेतात. ते असतं झाडाच्या वाटणीचं. पुढे बुरशा मरतात, काडी संपते, तेव्हा ती उसनवारी मातीला परत मिळते. पण तोवर एक हंगाम गेलेला असतो. आणि मी तर तुकडे करून, मुळांशी नेऊन, चहूबाजूंनी माती लावून ही उसनवारी जास्तीत जास्त सोपी करून दिली होती!

हेच लाकूड जमिनीवर नुसतं पसरून ठेवलं तर मातीला त्याचा खालचा पृष्ठभाग तेवढा टेकतो. उसनं मागणं होतं, पण वरच्या बोटभर थरापुरतं. खालच्या मुळांना कळतही नाही. एवढी साधी गोष्ट. पण ती कळायला माझी दीडशे झाडं एक वर्ष उपाशी राहिली.

2020 साली सगळं जगच घरात बसलं होतं. तेव्हा मी एक शाळकरी उद्योग केला. श्री. अ. दाभोळकरांचं नाव जुन्या वाचकांना आठवत असेल. गणिताचे प्राध्यापक, पण द्राक्षवाल्या शेतकऱ्यांना त्यांनी स्वतःच्या बागेत स्वतः प्रयोग करून टिपणं ठेवायला शिकवलं, प्रयोग परिवार उभा केला. म्हटलं, आपणही मास्तरीणच की. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या घेतल्या. एकीत नुसता पाला, एकीत पेन्सिलीएवढ्या काड्या, एकीत अंगठ्याएवढ्या, एकीत मनगटाएवढे ओंडके. प्रत्येकीचे दोन संच, एक मातीवर आणि एक वीतभर खाली. वर खडूनं नाही, तारेनं खुणा. (खडू पावसात धुऊन जातो हे आधी एकदा शिकून झालं होतं.) पुस्तकात नंतर वाचलं की शास्त्रज्ञसुद्धा अशाच जाळीच्या पिशव्या वापरतात. मला फार आनंद झाला.

काय दिसलं ते सांगते.

मार्च ते मे काहीही झालं नाही. तीन महिने लाकूड लोखंडासारखं पडून. आपल्याकडे कुजण्याचं काम पावसाच्या हजेरीवर चालतं, उन्हाळ्यात सगळ्यांना सुट्टी. सुट्टीत काम करते ती एकटी वाळवी. मृगाचा पाऊस झाला आणि पंधरा दिवसांत पाल्याची पिशवी सपाट झाली. श्रावण संपेपर्यंत तिच्यात शिरा आणि देठ उरले. पेन्सिलीएवढ्या काड्यांवर आधी काळपट डाग आले, मग पांढरे धागे. दिवाळीत त्या हातानं सहज मोडायला लागल्या आणि दुसरा पावसाळा संपता संपता त्यांचा चुरा झाला. अंगठ्याएवढ्या काड्यांना तीन पावसाळे लागले. मनगटाएवढे ओंडके मी चौथ्या वर्षी पाहिले तेव्हा साल गेली होती, बाहेरचा भाग स्पंजासारखा दबत होता, पण आतला गाभा अजून लाकूडच होता. मातीखालचे संच वरच्यांपेक्षा लवकर गेले, कारण खाली ओल टिकते. लवकर गेले म्हणजे चांगलं झालं असं मात्र नाही, ते वर सांगितलंच.

ते पांढरे धागे म्हणजे खरे कारागीर. लाकडात सेल्युलोज असतं, त्याला बांधून ठेवणारं लिग्निन असतं. लाकडाचा पाव हिस्सा किंवा त्याच्या आसपास हे लिग्निन. जिवाणूंना ते सहसा झेपत नाही. काही बुरशाच ते पूर्ण फोडू शकतात. त्यांनी फोडलं की लाकूड पांढरं आणि मऊ पडतं. पावसाळ्यात जुन्या ओंडक्यावर ज्या छत्र्या उगवतात त्या याच कुळातल्या. आपण छत्र्या पाहिल्या की पायानं उडवतो. निदान बागेत तरी उडवू नयेत.

कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांचं लिखाण शेतकरी वाचकांना माहीत असेल. नांगरणीशिवाय शेती करणारे. त्यांचं सांगणं असं, की जे कुजायला जड तेच जमिनीला जास्त काळ पुरतं. हिरवा पाला लवकर कुजतो आणि लवकर संपतो, मुळं आणि खोडं सावकाश कुजतात आणि त्यांचा सेंद्रिय पदार्थ टिकाऊ. मी त्यांच्यासारखी जाणकार नाही, पण माझ्या पिशव्या त्यांच्या बाजूनं साक्ष देतात.

पुतण्या हुशार आहे. त्यानं एकदा मला चांगलंच अडवलं. म्हणाला, "काकू, जाळलं की कर्ब धुरात जातो म्हणता. कुजलं तरी तो हवेतच जातो ना? फक्त दिसत नाही. मग फरक काय?"

मला दोन दिवस उत्तर देता आलं नाही. कारण त्याचं बरेचसं बरोबर आहे. कुजताना जिवाणू-बुरशा श्वास घेतात आणि लाकडातल्या कर्बाचा मोठा भाग कर्बवायू होऊन निघूनच जातो. आपल्या उष्ण हवेत तर फार लवकर. थंड देशात माती काळीभोर राहते आणि आपली राहत नाही, याचं एक कारण हेच. थोडाच भाग ह्युमस होऊन मातीच्या कणांना चिकटून राहतो. मग दोन दिवसांनी मी त्याला म्हटलं, "अरे, महिन्याचा पगार शेवटी संपतोच. पण तो महिनाभर घर चालवून संपणं वेगळं आणि पहिल्या तारखेला खिसा कापला जाणं वेगळं." जाळलं की कर्ब दहा मिनिटांत जातो, त्याच्याबरोबर नत्र जातं आणि गंधकही बरंचसं जातं. राहते राख, म्हणजे चुना, पालाश वगैरे. तीही एकाच जागी, आणि चैत्राच्या वावटळीत निम्मी शेजारच्या गावाला. कुजताना तोच कर्ब दोन-तीन वर्षं गांडुळांना, बुरशांना, किड्यांना जगवतो. माती झाकलेली राहते, ओल टिकते, पावसाचा थेंब मातीवर थेट आपटत नाही. आणि थोडंसं का होईना, मागे उरतं.

त्यावर तो म्हणाला, "पण जाळलेल्या जागी पहिल्या पावसात गवत किती हिरवंगार येतं!" येतं की. राबाचं रोपही तसंच यायचं. एका वर्षासाठी. त्याच ढिगाच्या बरोबर मधोमध मात्र माती विटेसारखी लाल झालेली असते आणि तिथे वर्षभर काही उगवत नाही, तेही बघायला हवं.

आता पुतण्याचं मन कशानं वळलं ते सांगते. माझ्या युक्तिवादानं नव्हे.

अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 इंदूरला होते, होळकरांच्या इंदुरात. तिथे त्यांनी यशवंत वाड यांच्याबरोबर काम करून खताची इंदूर पद्धत बसवली. दोघांच्या नावानं 1931 साली पुस्तक निघालं. मी डिक्शनरी घेऊन ते वाचत बसले. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. कापसाच्या पळाट्या आणि तुरकाट्या कुजता कुजत नाहीत. मग त्यांनी काय केलं? पळाट्या शेतातल्या रस्त्यावर पसरून टाकल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी आणि बैलांच्या पायांनी त्या आपोआप चुरडल्या जायच्या, आणि मग खड्ड्यात. ना मजुरी, ना यंत्र!

हे मी पुतण्याला वाचून दाखवलं. तो हसला, पण दुसऱ्या दिवशी छाटणीच्या काड्या त्यानं बागेतून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटेवर पसरल्या. महिनाभर ट्रॅक्टर येत-जात राहिला. मग फाट्यानं ओढून त्यानं तो चुरा झाडांच्या ओळींमध्ये टाकला, बुंध्यापासून हातभर लांब. वरून शेणकाल्याच्या चार बादल्या, म्हणजे भाकरीबरोबर थोडं कोरड्यास. तेव्हापासून त्याची ही पद्धत झाली. गावात सांगताना तो म्हणतो, "मी शोधून काढली." म्हणू दे.

जाड फांद्यांचं काय? इथे मला कॅनडाकडून मदत झाली. क्वेबेकमधल्या लावाल विद्यापीठात प्रा. लेम्यू यांनी बारीक फांद्यांच्या चुऱ्यावर बरीच वर्षं काम केलं. त्यांचा नियम असा, की सात सेंटिमीटरपेक्षा बारीक फांद्याच घ्या. कारण झाडाचं अन्न सालीत, डोळ्यांत आणि कोवळ्या काड्यांत असतं. जाड लाकूड म्हणजे बहुतेक नुसता कर्ब. आम्ही आमचा नियम अजून कडक केला. अंगठ्यापेक्षा बारीक ते झाडाचं, जाड ते सरपणाचं. कारण उज्ज्वलाचा सिलिंडर घरात असला तरी तो दर वेळी भरून आणायला पैसे लागतात, आणि वाडीवरच्या बायका पुन्हा मोळीला यायला लागल्या आहेत. त्यांना मी जाड फांद्या देते. पर्यावरणाच्या नावाखाली गरिबाच्या चुलीतलं लाकूड काढून मातीला घालणं माझ्यानं होणार नाही. आणि इथे तर दोघांचंही भागतं.

सगळं सगळ्यांनी कुजवावं असं मात्र मी म्हणत नाही. हे लिहिलं नाही तर कुणीतरी माझं वाचून नुकसान करून घेईल. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबावर तेल्या येतो. तो जिवाणूंमुळे होणारा रोग. तिथल्या रोगट काड्या बागेत ठेवणं म्हणजे चोराला घरात झोपायला जागा देणं. त्या बाहेर नेऊन जाळल्याच पाहिजेत. पुरंदरच्या अंजिरांवर तांबेरा पडतो, त्याची गळलेली पानं गोळा करून नष्ट करायची. सीताफळावर पिठ्या ढेकूण असेल तर त्या फांद्याही वेगळ्या काढाव्यात. काळी पडून झाडावरच वाळलेली फळंही वेचावीत. आम्ही त्यासाठी बादली घेऊन एक वेगळी फेरी मारतो. दोन पाट्यांपलीकडे माल निघत नाही. तेवढा जाळतो, उघड्या जागी, सकाळी वारा नसताना. पण दोन पाट्या रोगट निघतात म्हणून दोन ट्रॉल्या निरोगी लाकूड पेटवायचं, हे काही रोगनियंत्रण नव्हे. तो आळस आहे, फक्त त्याला कृषिशास्त्राचा सदरा घातलाय.

दुसरी अडचण सापांची. घोणस आणि फुरसं आपल्या भागात आहेत आणि काड्यांचा ढीग त्यांना आवडतो. कामाला येणाऱ्या बायका ढिगाला भितात, आणि बरोबरच आहे. म्हणून ढीग नको. चार बोटांचा पातळ थर, मोकळा. वाळवीचीही भीती लोक घालतात. माझा अनुभव असा, की ती मेलेलं लाकूड असेतो जिवंत झाडाकडे फारशी बघत नाही. पण नवीन लावलेली कलमं असतील तर त्यांच्याजवळ लाकूड नको, हे मला दोन कलमं घालवून कळलं.

बागायतदार विचारतात, फायदा किती झाला? 2015 ला मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाल्या, त्यात आमच्या बागेचा सेंद्रिय कर्ब 0.38 लिहून आला होता. म्हणजे कमी. गेल्या वर्षी तपासला तर 0.46. यात काड्यांचा वाटा किती, शेणकाल्याचा किती, आणि माती कोणत्या कोपऱ्यातून घेतली त्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. चमत्कार झाला असं तर नाहीच. पण मे महिन्यात त्या थराखाली हात घातला तर माती गार लागते. आणि पूर्वी चार दिवसांआड द्यावं लागणारं पाणी चिकूंना आता आठवड्यानं पुरतं.

गावानं मिळून एक काड्या बारीक करायचं यंत्र घ्यावं असं मी दोनदा ग्रामसभेत बोलून आले. प्रत्येकाला ते छाटणीच्या महिन्यात चार दिवस लागेल, बाकी वर्षभर गंजत पडेल. एकट्यानं घेण्याची वस्तूच नाही ती. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय कमानीच्या रंगकामाकडे गेला. तिसऱ्यांदाही बोलणार आहे. चौतीस वर्षं पाढे म्हणून घेतलेत, कंटाळा येत नाही.

यंदाची छाटणी गेल्या आठवड्यात संपली. पुतण्या आला, ओट्यावर बसला. चहा झाला. म्हणाला, "काकू, त्या वाळलेल्या आंब्याचं खोड अजून बांधावर उभंय. पाडू का?"

ते खोड गेली काही वर्षं तसंच आहे. यांनी कलम केलेलं. खालच्या अंगाला पावसाळ्यात कानासारख्या छत्र्या येतात, आणि वर मध्यभागी एक ढोली झालीय, तिच्यात पिंगळ्याचं जोडपं राहतं.

म्हटलं, "राहू दे. पडेल तेव्हा पडेल."

तो काड्या पसरायला गेला.